मोठा ट्रक, पण धंद्यासाठी नाही: नोंदणी आणि विमा खिशाला झेपेल असा कसा करायचा

मोठा ट्रक मिळवणं त्या मानाने सोपं आहे. वाहतूक कंपनीने काढून टाकलेला ट्रॅक्टर-हेड (ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक), निवृत्त झालेला अग्निशमन बंब, लष्कराच्या लिलावातली सहाचाकी गाडी, यातलं काहीही कित्येकदा बऱ्या मोटारीच्या किमतीत हाती येतं. पेच नंतर सुरू होतो. नोंदणीच्या खिडकीवर विचारतात, "धंदा कसला?" तुम्ही सांगता, "धंदा नाही. घोडे न्यायचे आहेत," किंवा "मागे घर बांधून फिरायचंय." या उत्तराला त्यांच्या अर्जात रकानाच नसतो. विमा कंपनीच्या संकेतस्थळावर चेसिस नंबर टाकला की संगणक गाडीला मालवाहू अवजड वाहन ठरवतो आणि एक तर धंद्याच्या गाडीचा हप्ता दाखवतो, नाही तर थेट नकार देतो.

इथेच बहुतेक जण चुकतात. कुणी मुकाट्याने धंद्याचा हप्ता भरत राहतो, तर कुणी कागदावर काहीतरी खोटं लिहून मोकळा होतो. पहिल्याचे पैसे दरवर्षी वाया जातात. दुसऱ्याचं नुकसान एकदाच होतं, पण त्यात घरदार जाऊ शकतं. या दोन्हींच्या मधली वाट म्हणजे आपला खरा वापर इतक्या नेमकेपणाने आणि इतक्या पुराव्यानिशी मांडणं, की कार्यालयाला आणि विमा कंपनीला आपल्याला योग्य त्या, म्हणजे बहुधा स्वस्त, वर्गात बसवावंच लागेल. पुढे जे लिहिलंय ते शक्यतो ट्रकचा सौदा होण्याआधी वाचा.

पहिलं काम: पाटीवरचं वजन

दाराच्या चौकटीत किंवा चेसिसवर उत्पादकाची पाटी असते. तिच्यावर तीन आकडे शोधा: गाडीचं कमाल सकल वजन (गाडी आणि भार मिळून), प्रत्येक अ‍ॅक्सलची मर्यादा आणि ट्रेलरसह जोडगाडीचं कमाल वजन. परवाना, कर आणि नोंदणीचा वर्ग बहुतेक ठिकाणी या पाटीवरच्या आकड्यांवर ठरतात. "मी तर रिकामाच चालवणार" हा युक्तिवाद चालत नाही. बारा टनांची पाटी असलेला ट्रक रिकामा असला तरी कायद्याच्या नजरेत बारा टनांचाच असतो.

उंबरठे देशागणिक वेगळे आहेत. युरोपात आणि ब्रिटनमध्ये ३,५०० किलोपर्यंत मोटारीचा साधा परवाना पुरतो. त्यापुढे ७,५०० किलोपर्यंत सी-१ आणि त्याच्याही वर सी वर्गाचा परवाना लागतो. अमेरिकेत व्यावसायिक परवान्यासाठी महत्त्वाचा आकडा २६,००१ पौंड, म्हणजे सुमारे ११,८०० किलो. भारतात हलक्या वाहनाची रेघ ७,५०० किलोवर आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तीच रेघ परवान्याच्या संदर्भात पुन्हा कायम केली.

आता पैसे वाचवणारी गोष्ट. पाटीवरचा आकडा दगडावरची रेघ नसतो. ब्रिटन आणि जर्मनीसारख्या देशांत मालकाच्या अर्जावरून गाडीचं कमाल वजन कागदोपत्री उतरवून मिळतं. दहा टनांच्या पाटीचा ट्रक साडेसात टनांवर आणला तर परवान्याचा वर्ग, कर आणि कधीकधी विम्याचा दरही बदलतो. अट एकच, नव्या मर्यादेत गाडी खरोखर बसली पाहिजे. म्हणून आधी वजनकाट्यावर जा. डिझेलची टाकी पूर्ण भरा, माणसं आणि अवजारं चढवा, पाण्याची टाकी असेल तर तीही भरा. लिटरभर डिझेल साधारण ८४० ग्रॅम भरतं, तेव्हा ४०० लिटरच्या टाकीतच सव्वातीनशे किलोंहून जास्त वजन असतं. पाण्याचं तर लिटरला किलो. अख्ख्या गाडीचं आणि प्रत्येक अ‍ॅक्सलचं वजन वेगवेगळं करून काट्याची पावती जपून ठेवा. नोंदणीच्या वेळी ती लागते आणि विमा कंपनीशी बोलताना तिच्याइतका भक्कम कागद दुसरा नसतो.

दुसरं काम: "खासगी" म्हणजे काय, ते लिहून काढा

भाडं घेत नाही म्हणजे वापर खासगी, असं आपण धरून चालतो. कायदा मात्र तेवढ्यावर थांबत नाही. स्वतःच्या दुकानाचा माल स्वतःच्या ट्रकमधून नेणं हा बहुतेक देशांत व्यावसायिक वापर आहे, मग भाडं शून्य असलं तरी. मित्राचं सामान हलवून डिझेलचे पैसे घेतले तरी प्रश्न उभा राहतो.

अमेरिकेच्या संघीय नियमांत हा मुद्दा सगळ्यात स्वच्छ सोडवलेला मला दिसतो. १०,००१ पौंडांपासून पुढची, आंतरराज्य व्यापारात वापरली जाणारी गाडी तिथे व्यावसायिक नियमांखाली येते. पण एखादी व्यक्ती मोबदला न घेता आणि कुठल्याही धंद्याला हातभार न लावता आपलं वैयक्तिक सामान अधूनमधून नेत असेल, तर तिला सूट आहे. मग घोड्यांच्या स्पर्धेला किंवा मोटार शर्यतीला जाणाऱ्यांचं काय, कारण तिथे बक्षिसाची रक्कम असते? त्याचंही उत्तर दिलेलं आहे: बक्षीस आपल्या सर्वसाधारण उत्पन्नात दाखवलेलं असावं, त्या छंदाचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून करातून वजा केलेला नसावा आणि एखाद्या कंपनीचं प्रायोजकत्व नसावं. म्हणजे ट्रकच्या दारावर चिकटवलेल्या एका प्रायोजकाच्या नावामुळे सगळी सूट हातची जाऊ शकते. तुमचा देश कुठलाही असो, ही तीन प्रश्नांची कसोटी स्वतःला लावून पाहा. कर भरताना ट्रकचा खर्च धंद्यात दाखवायचा आणि विम्याच्या अर्जात "खासगी" लिहायचं, हे दोन्ही एकाच वेळी जमत नाही. दोन्ही कागद कधी ना कधी एकाच टेबलावर येतात, आणि नेमके अपघातानंतर येतात.

भारतात गोष्ट उलटी आहे, आणि ती आधी कळली तर बराच मनस्ताप वाचतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात निव्वळ माल वाहण्यासाठी बांधलेली गाडी ही "माल वाहन" असते आणि माल वाहन हे परिवहन वाहनच धरलं जातं. माल स्वतःचा असला तरी वर्ग बदलत नाही. ३,००० किलोंपर्यंतच्या माल वाहनांना परमिटमधून सूट आहे, त्यापुढे नाही. मात्र खासगी वापरातली कॅम्पर व्हॅन बिगर-परिवहन वाहनांच्या यादीत आहे. त्यामुळे तिथे "ट्रक खासगी करून द्या" या विनंतीचा उपयोग नसतो. गाडीचा प्रकारच बदलावा लागतो.

एका कोऱ्या कागदावर अर्ध्या पानाचं वापर-निवेदन लिहा. ट्रक कशासाठी घेतला, वर्षाला अंदाजे किती किलोमीटर चालेल, कोण चालवेल, रात्री कुठे उभा राहील, मागे काय जोडलं जाईल आणि कोणत्या गोष्टींसाठी तो कधीच वापरला जाणार नाही, एवढं त्यात असावं. खाली सही आणि तारीख. हे निवेदन कुणी मागत नाही, पण नोंदणी कार्यालय, विम्याचा ब्रोकर आणि विमा कंपनी या तिघांना तेच शब्द सांगितले गेले की पुढे उत्तरांत फरक पडत नाही.

बॉडी बदलून वर्ग बदलणं

ज्यांना ट्रकमध्ये राहायचं आहे किंवा ट्रकच्या मागे मोठं फिरतं घर ओढायचं आहे, त्यांच्यासाठी सगळ्यात मोठी बचत इथे आहे. मालवाहू ट्रकची नोंद "मोटर-होम" म्हणून झाली की कर, टोल, तपासणी आणि विमा असं सगळंच बदलू शकतं.

त्यासाठी काय काय लागतं हे मोघम नसतं. युरोपीय व्याख्येत चार गोष्टी आहेत: बसायची जागा आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवायची कपाटं. या गोष्टी गाडीत पक्क्या बसवलेल्या असाव्या लागतात, टेबल तेवढं काढता आलं तरी चालतं. गादी टाकली आणि गॅसची शेगडी ठेवली, एवढ्याने काम होत नाही. अमेरिकेच्या संघीय व्याख्येत सहांपैकी किमान चार सोयी हव्यात: स्वयंपाक, शीतकपाट, स्वतंत्र शौचालय, गरम किंवा थंड हवेची व्यवस्था, नळ आणि बेसिनसह पिण्याचं पाणी, आणि ११० ते १२५ व्होल्टचा वेगळा वीजपुरवठा किंवा प्रोपेन गॅस. राज्यांचे नोंदणीचे नियम याहून वेगळे असू शकतात, म्हणून बांधकाम सुरू करण्याआधी आपल्या राज्याची यादी लेखी मागून घ्या. लांब स्लीपर कॅबिन असलेल्या ट्रॅक्टर-हेडमध्ये यातल्या दोन सोयी आधीच असतात. उरलेल्या दोन बसवणं फारसं अवघड नाही.

ब्रिटनमध्ये वाहन नोंदणी खातं गाडी बाहेरून कशी दिसते यावर भर देतं. रस्त्यावरून जाणाऱ्याला ती मोटर-होम वाटली पाहिजे. आतून सुंदर घर आणि बाहेरून कोरा पत्र्याचा डबा असेल, तर अर्ज परत येतो.

भारतात इथे फार सांभाळून पाऊल टाका. कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेपासून दूर जाणारे बदल करता येत नाहीत आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितलं. गॅरेजमध्ये घर बांधून मग मंजुरी मागायला गेलात तर दोन्हीकडून अडकाल. कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. त्यानुसार मान्यता घेतलेल्या बांधणीकाराकडूनच काम करून घ्या.

काम चालू असताना रोजचे फोटो काढा. गॅसजोडणी आणि वीजजोडणी त्या कामाच्या परवानाधारक माणसाकडून करून घ्या आणि त्याचं प्रमाणपत्र फाईलला लावा. घर-ट्रकची आग ही विमा कंपन्यांची खरी भीती आहे, आणि ते प्रमाणपत्र दाखवलं की बोलण्याचा सूर बदलतो.

वय वाढलेल्या ट्रकला आणखी एक वाट असते. जर्मनीत ३० वर्षं पूर्ण झालेलं, मूळ रूपात राखलेलं वाहन ऐतिहासिक म्हणून नोंदवता येतं आणि मग त्याला वर्षाला १९१.७३ युरो असा सपाट कर लागतो. छोटी मोटार असेल तर हा सौदा वाटत नाही, पण दहा-बारा टनांच्या जुन्या बंबासाठी ही मोठी सवलत आहे. अट अशी की गाडीचं जुनं रूप टिकलं पाहिजे. म्हणून घर बांधायचं की वारसा जपायचा, हे आधी ठरवा.

परवाना

थोडक्यात सांगतो. व्यावसायिक परवाना लागत नाही म्हणजे मोटारीचा परवाना चालतो, असा अर्थ नाही. उदाहरणार्थ, टेक्सासमध्ये २६,००१ पौंड किंवा त्याहून जड खासगी मोटर-होमसाठी ए किंवा बी वर्गाचा बिगर-व्यावसायिक परवाना घ्यावा लागतो. दुसरीकडे, ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ पूर्वी मोटारीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना साडेसात टनांपर्यंतचा हक्क आधीच मिळालेला असतो. जर्मनीत १९९९ पूर्वीच्या जुन्या तिसऱ्या वर्गाचंही तसंच. घरातल्या वडीलधाऱ्यांचे परवाने एकदा पाहा. नियमाला गरज असो वा नसो, एअर ब्रेकचं प्रशिक्षण घ्याच. टाकीतली हवा संपल्यावर काय होतं, हे घाटात शिकायची गोष्ट नाही.

नोंदणीची फाईल

कार्यालयात जाण्याआधी फाईल भरलेली हवी: विक्रीपत्र आणि जुनं नोंदणीपत्र, कर्ज असल्यास ते फिटल्याचा दाखला, चेसिस आणि इंजिन नंबरचे ठसे किंवा फोटो, काट्याची पावती, तपासणीचा दाखला, बदल केले असतील तर त्यांची मंजुरी आणि वर सांगितलेलं वापर-निवेदन. लिलावातल्या गाडीचा चेसिस नंबर पाटीवरचा, चेसिसवर कोरलेला आणि कागदावरचा असा तिन्ही ठिकाणी जुळतो का, हे पैसे देण्याआधी पाहा. एका अक्षराचा फरक महिने खातो.

मग खिडकीवर प्रश्न बरोबर विचारा. "हा ट्रक खासगी होईल का?" असं विचारलं की उत्तर नकारार्थीच येतं. "या वजनाच्या, भाड्याने न चालणाऱ्या गाडीसाठी कोणकोणते वर्ग आहेत आणि प्रत्येकाचा कर किती?" असं विचारा. ब्रिटनमध्ये करासाठी "प्रायव्हेट एचजीव्ही", म्हणजे खासगी अवजड मालवाहू गाडी, असा वर्ग खरोखर आहे आणि धंद्यासाठी न चालणाऱ्या ट्रकला तिथे ऑपरेटरचा परवानाही लागत नाही. अमेरिकेतल्या अनेकांच्या ट्रकवर "भाड्यासाठी नाही" असं लिहिलेलं दिसतं. त्याने कायदेशीर दर्जा बदलत नाही, तो ठरतो कागदांवरच. मिळालेलं उत्तर कोणत्या नियमाखालचं आहे तो क्रमांक लिहून घ्या. पुढच्या वर्षी खिडकीवर दुसरा माणूस असेल.

करांत बारकाईने पाहिलं तर पैसे सापडतात. अमेरिकेत ५५,००० पौंड आणि त्याहून जड गाडीला संघीय महामार्ग वापर कर आहे, वर्षाला १०० डॉलरपासून ५५० डॉलरपर्यंत. पण वर्षात ५,००० मैलांपेक्षा जास्त चालणार नसेल तर अर्ज भरून तो कर स्थगित ठेवता येतो. अर्ज मात्र भरावाच लागतो. हे वर्ष १ जुलैला सुरू होतं. त्यातलं "करपात्र वजन" ट्रक, नेहमीचा ट्रेलर आणि भार मिळून धरतात, म्हणून नोंदणीत वजन उगाच वाढवून लिहू नका. खरं कमाल वजन लिहा. राज्याराज्यांतल्या इंधन कराच्या करारातूनही, केवळ मौजेसाठी वैयक्तिक वापरात असलेलं मोटर-होम वगळलेलं आहे. युरोपात ऑस्ट्रियामध्ये साडेतीन टनांवरच्या मोटर-होमलाही किलोमीटरप्रमाणे टोल लागतो, तर जर्मनीच्या ट्रक टोलमधून मोटर-होम सुटतं. हा टोल तिथे १ जुलै २०२४ पासून साडेतीन टनांवरच्या ट्रकना लागू झाला, त्यामुळे नोंदीत "ट्रक" आहे की "मोटर-होम" याला आता पूर्वीपेक्षा जास्त किंमत आली आहे.

विमा

इथे घाई करू नका. नोंदणी एकदाच होते, हप्ता दरवर्षी जातो.

ऑनलाइन अर्ज सोडून द्या. ती यंत्रणा चेसिस नंबरवरून गाडीचा प्रकार ओळखते आणि तुमचं म्हणणं ऐकून घ्यायला तिथे माणूस नसतो. हौशी गाड्या, मोटर-होम, घोडे वाहून नेणाऱ्या गाड्या किंवा जुनी वाहनं यांचा विमा करणाऱ्या ब्रोकरकडे जा. त्याला फाईलची एक प्रत, गाडीचे चारी बाजूंचे आणि आतले फोटो, वापर-निवेदन आणि तुमचा विना-अपघात इतिहास द्या. जोखीम समजून घेऊन हप्ता ठरवणाऱ्या माणसाच्या, म्हणजे अंडररायटरच्या हाती ही फाईल पडली की तुमचा ट्रक "दिवसाला आठशे किलोमीटर धावणारी मालगाडी" राहत नाही. धंद्याच्या ट्रकचा हप्ता जास्त असतो तो मुख्यतः किलोमीटरमुळे, रात्रीच्या प्रवासामुळे, बदलत्या चालकांमुळे आणि मालाच्या जोखमीमुळे. यातलं तुमच्याकडे जे नाही ते सिद्ध करणं, हीच तुमची घासाघीस.

हप्ता कमी करायचे प्रामाणिक मार्ग असे. वर्षाच्या किलोमीटरची मर्यादा स्वीकारा. चालकांची नावं ठरवून द्या, "कोणीही परवानाधारक" असं ठेवू नका. ट्रक कुंपणाच्या आत किंवा शेडमध्ये उभा राहत असेल तर फोटोसह सांगा. वर्षातले चार-सहा महिने गाडी उभी असेल तर त्या काळापुरतं फक्त चोरी आणि आगीचं संरक्षण ठेवायची सोय आहे का, विचारा. स्वतःच्या नुकसानीतला पहिला मोठा वाटा स्वतः सोसायची तयारी दाखवा. लहान खरचटा स्वतः दुरुस्त करणाऱ्याला हे परवडतं.

तृतीय पक्षाच्या (थर्ड पार्टी) संरक्षणात मात्र काटकसर करू नका. मी हे अगदी आग्रहाने सांगतो. पंधरा टनांची गाडी जेव्हा चुकते तेव्हा समोरच्याचं नुकसान मोटारीच्या अपघातासारखं नसतं. कायद्याने लागणारी किमान मर्यादा बहुतेक ठिकाणी मोटारी डोळ्यांसमोर ठेवून ठरलेली असते. ती मर्यादा वाढवायला जेवढा जास्तीचा हप्ता पडतो, त्याहून कितीतरी जास्त तुम्ही स्वतःच्या नुकसानीचा भाग आटोपशीर ठेवून वाचवू शकता. जुन्या, स्वस्तात घेतलेल्या ट्रकसाठी तर हाच हिशेब बरोबर.

गाडीची किंमत कशी धरली आहे ते ओळ न ओळ वाचा. "ठरलेलं मूल्य" असेल तर संपूर्ण नुकसानीत ती रक्कम मिळते. "बाजारमूल्य" असेल तर जुन्या ट्रकचा भाव मिळतो आणि आत बांधलेलं घर हिशेबात येत नाही. अमेरिकेत "सांगितलेलं मूल्य" असा तिसरा प्रकार आहे. त्यात तुम्ही सांगितलेली रक्कम आणि बाजारमूल्य यांपैकी जी कमी, ती मिळते. नावं सारखी वाटतात आणि फसगत होते ती इथेच. घर बांधलं असेल तर बिलं आणि फोटो लावून तज्ज्ञाकडून मूल्यांकन करून घ्या आणि ठरलेलं मूल्यच मागा.

आणखी तीन गोष्टी लेखी विचारा. ट्रेलर जोडलेला असताना त्याच्यामुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी ट्रकच्या पॉलिसीत येते का, आणि खुद्द ट्रेलरचं नुकसान कुणाच्या पॉलिसीत? जनावरांचा किंवा आतल्या मोटारीचा वेगळा विमा काढावा लागतो का? आणि रस्त्यात बंद पडल्यास अवजड क्रेनचा खर्च कितीपर्यंत मिळतो? साधी रस्ता-मदत सेवा बहुधा मोटारीच्या वजनापर्यंतच असते. दरीतून ट्रक वर काढण्याचं बिल पाहिलेला माणूस हा प्रश्न विसरत नाही.

ज्या वाटेने जाऊ नये

अमेरिकेत काही जण विक्रीकर नसलेल्या मोंटानामध्ये कागदी कंपनी काढून गाडी तिच्या नावावर घेतात. पहिल्या वर्षी पैसे वाचतात. पण गाडी राहते दुसऱ्या राज्यात, मालक कंपनी, आणि विमा मागायचा खासगी वापराचा! गाडी कुठे उभी असते हा विम्याचा मूलभूत प्रश्न आहे. त्याचं उत्तर खोटं असलं की कंपनीला दावा नाकारायला निमित्त मिळतं. शिवाय कर बुडाला म्हणून मालकाचं मूळ राज्यही मागे लागतं. वजन कमी लिहिणं, मुलाला चालवायला देऊन नाव फक्त स्वतःचं ठेवणं, "कधीतरी" शेजाऱ्याचा माल नेणं, या सगळ्यांची जात तीच. भारतात तर पॉलिसीच्या अटी मोडल्या असतील तेव्हा न्यायालय विमा कंपनीला जखमींची भरपाई आधी द्यायला लावून ती रक्कम मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. म्हणजे विमा असूनही पैसे शेवटी तुमच्याच खिशातून जातात.

वापर बदलला तर त्याच आठवड्यात कळवा. नूतनीकरणाच्या महिनाभर आधी ब्रोकरला मीटरचा फोटो, नवी काटा-पावती आणि वर्षात केलेल्या कामांची बिलं पाठवा. सांगितल्यापेक्षा कमी किलोमीटर झाले असतील तर ते ठळक लिहा आणि दर पुन्हा काढून मागा.